न वाजणारा डबा

मेडशी,
५ ऑगस्ट २०१९

टीनाबाई,

शेवटची फाईल सोबत जोडली आहे. झाली बाई एकदाची भुलाबाईची सगळी गाणी, आता तुह्या हवाली. एवढी लांब मेल कोण लिहिते म्हणून हसशील, पण वैभवीची मेल म्हणजे टपालातलं पत्रच, हे तूच म्हणत असतेस ना. मंग वाच निवांत.

दोन वर्षं एसटीनं गावोगाव हिंडले मी या गाण्यांसाठी. भागवतदादा शेतात असला की निकितावहिनी संग ये. बायका आधी लाजत, तोंडाले पदर लावत, मंग एकीनं सुरू केलं की दुसरीले दम निघत नसे. घरी आल्यावर रेकॉर्डिंग ऐकायचं, टाईप करायचं, अन् मारोतरावाकडून वाचून घ्यायचं. मारोतराव म्हणजे माह्या कॉम्प्युटरातलं वाचणारं सॉफ्टवेअर, हे तुले माहीतच आहे. पडद्यावर लिहिलेलं तो बोलून सांगते, अन् आवाज थेट आपल्या मारोतराव हेडमास्तरांचा. त्याच्या तोंडून पोरींची गाणी ऐकणं म्हणजे हेडमास्तर फेर धरून राह्यले असं वाटते. पण चूक एक सोडत नाई तो.

आता एक गोष्ट बजावून सांगते. प्रत्येक गाण्याखाली ते सांगणाऱ्या बाईचं नाव अन् गाव आहे. ते नाव हलता कामा नये. आमची गोजराबाई तं तोंडच उघडत नव्हती. मागं कोणीतरी शहरातला माणूस येऊन तिची गाणी भरून घेऊन गेला अन् आपल्या नावानं खपवली, तो राग तिच्या मनात अजून आहे. मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला, की तुह्या गाण्याखाली तुहंच नाव राहीन. तेव्हा कुठं गायली. माहं नाव नसलं तरी चालीन, तिचं पाह्यजे.

साइट करायचं काम तुह्यावर सोडून मी मोकळी झाले. कारंज्याले मावशीकडं शिकत होते तेव्हापासून तूच तं माहे डोळे. अख्खं बी.ए. तू मले वाचून दाखवलं, तुह्या मम्मीच्या, अंगुरीकाकूच्या ओट्यावर बसून. कंटाळा आला की दोन पानं एकदम उलटत होतीस, अन् मी आवाजावरून पकडत होते.

खिरापतीचा डबा आठवते का? गाणी संपली की झाकणबंद डबा कानाशी हलवायचा अन् आत काय ते ओळखायचं. फुटाणे, खारका, मुरमुरे, मी कधी हरले नाई. तू एकदा डबाभर शिरा ठासून आणलास, तो वाजेचना. ते चीटिंग होतं, मी अजून विसरले नाई.

तुही,
वैभवी

*

पुणे,
१२ सप्टेंबर २०१९

प्रिय वैभू,

साइट तयार आहे. उद्या-परवा पौर्णिमेला तुमच्याकडे भुलाबाईच्या मूर्ती महिनाभरासाठी बसतील, तोच मुहूर्त धरलाय आम्ही. लिंक खाली दिली आहे.

मी एकटीने करणार होते ते काम आमच्या ऑफिसनेच उचललं. सरांना गाणी इतकी आवडली की म्हणाले, हे आपल्या कंपनीचं दाखवण्यासारखं काम होईल. त्यांच्या मिसेस, रंजीता मॅडम, त्यांनी स्वतः लक्ष घातलं. त्यामुळे साधं पान न करता आम्ही खरंखुरं पुस्तक केलंय. कडेला नक्षी आहे, कोपऱ्याला माउस लावला की पान उलटतं, आणि उलटताना कागदाचा आवाज येतो. बघणारा थक्क होतो गं.

मोबाईलवर मात्र ते उघडत नाही, कॉम्प्युटरच लागतो. त्यात एक प्लग-इन टाकावं लागेल, म्हणजे ब्राउझरला जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम. भागवतदादांना सांग, पाच मिनिटांचं काम आहे.

पप्पांना कारंजाला फोन करून सांगितलं. ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटलेत.

तुझी,
टीना

*

मेडशी,
१५ सप्टेंबर २०१९

टीना,

काल भुलाबाई बसल्या. वहिनीनं सकाळी अंगणात सडा टाकला, गल्लीतल्या पोरी आल्या, अन् दादानं ते प्लग-इन का काय ते कॉम्प्युटरात टाकून देल्लं. मी हातपाय धुऊन बसले, जसं पोथी वाचाले बसते.

लिंक उघडली. मारोतराव म्हणे, 'एम्बेडेड ऑब्जेक्ट'. म्हणजे पानात काहीतरी बसवलेलं आहे, पण आत काय आहे ते त्याले समजत नाई. खाली गेले, वर आले, पुन्हा तेच. एन्टर मारून आत शिरले तं मारोतरावाची वाचाच बसली. एकदम मुका. बाहेर निघावं म्हणून टॅब दाबत राह्यले, तं तेही होईना. आत फसले ती फसलेच. शेवटी कॉम्प्युटर बटणानं बंद केला.

दुसऱ्यांदा उघडून चुकून कुठंतरी बोट लागलं अन् पान उलटल्याचा आवाज आला. खसकन. बाई, काय सांगू, अंगावर काटा आला. तुह्या ओट्यावरच्या पुस्तकासारखा आवाज. मी तसंच दाबत राह्यले, पान उलटत राह्यलं. नुसता कागद वाजते अन् शब्द एक नाई.

सगळी गाणी मीच टाईप केलेली अन् मलेच वाचता येईना, याले काय म्हणावं. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, तशातली गत. हसले मी, खरंच हसले, पण थोडं.

तुले माहीत आहे मारोतराव काय वाचते अन् काय नाई. कॉलेजात तूच मले परीक्षेची साइट उघडून देत होतीस अन् 'याच्यात तुझा मारोतराव बोलणार नाही' म्हणून सांगत होतीस. मंग हे ध्यानात कसं नाई आलं? साधं लिहिलेलं पान एक बाजूले ठेवून दे, बस. नक्षी दुसऱ्याइले पाहू दे.

अन् नावं बरोबर आली ना? गोजराबाई रोज विचारते.

वैभवी

*

पुणे,
२७ सप्टेंबर २०१९

प्रिय वैभू,

उशीर झाला, माफ कर. ऑफिसात फार गडबड आहे.

तुझं म्हणणं बरोबर आहे. प्लग-इनमधला मजकूर स्क्रीन रीडरपर्यंत पोचत नाही, कारण आतली अक्षरं ही अक्षरं म्हणून बाहेर दिलेलीच नसतात. ती देता येतात, पण त्यासाठी प्रत्येक पानावर वेगळं काम करावं लागतं. घाईत ते राहिलं. साधं पान मी सुचवलं होतं, पण सर म्हणतात, तसं केलं तर कोणीही मजकूर उचलून नेईल. मी त्यांना समजावते आहे. कोजागिरीपर्यंत काहीतरी नक्की करते.

नावांची काळजी करू नकोस. सगळं व्यवस्थित आहे. पहिल्याच पानावर तुझं नाव आहे आणि गाण्यांखाली बायकांची नावं तू दिलीस तशी आहेत. गोजराबाईंना माझा नमस्कार सांग.

टीना

*

मेडशी,
१३ ऑक्टोबर २०१९

टीना,

आज कोजागिरी. भुलाबाई उठतीन, दूध आटून राह्यलं चुलीवर. तुह्या साइटीवर मारोतराव अजून मुकाच आहे. सकाळीच पाह्यलं.

तुही मेल आली त्याच दिवशी मी गोजराबाईकडं गेले अन् सांगितलं, की नाव लागलं. ती म्हणे, 'तू वाचलं का?' मी म्हटलं, माह्या मैत्रिणीनं वाचलं, म्हणजे मीच वाचलं. तिनं भुईमुगाच्या शेंगा देल्ल्या ओटीत, अन् साऱ्या आळीत सांगत फिरली. मंग शेजारच्या जमनाबाईले सांगितलं, तिच्या माहेरच्या बायकाइले निरोप धाडला. आता सगळ्याइले माहीत आहे.

वहिनी रोज म्हणते, मी पाहून सांगते ना तुमाले, मले तं दिसते. मी तिले हात नाई लावू देल्ला. घरातल्या कोणालेच नाई. तू हसशील, पण डब्याचा नेमच तसा आहे ना. जिनं झाकण उघडून पाह्यलं तिनं सांगायचं नाई. माहं पुस्तक मी माह्या कानानं वाचीन, मंगच घरचे पाहतीन. इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडून वाचलं, हे एक तरी माहं मले वाचू दे.

तं तू लवकर कर. मी थांबून राह्यली.

वैभवी

*

पुणे,
३० नोव्हेंबर २०१९

प्रिय वैभवी,

कोजागिरीपासूनच्या तुझ्या तिन्ही मेल मिळाल्या. वेळ झाला नाही. दिवाळीत कारंजालाही येऊ शकले नाही, मम्मी नाराज आहे. मला इथे टीम लीडर केलंय, त्यामुळे जबाबदारी वाढली आहे.

साइटचं काम यादीत आहे. तांत्रिक अडचणी बऱ्याच आहेत, त्या तुला सांगून समजायच्या नाहीत. कृपया थोडा धीर धर. वहिनींना कशाला त्रास देतेस, मीच सगळं झालं की कळवेन.

टीना

*

मेडशी,
१९ जानेवारी २०२०

टीना,

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आमच्या घरी. आळीतल्या बायका आल्या, गोजराबाईही आली. वाण घेऊन झालं, तिळगूळ झाला, अन् ती उठेचना. म्हणे, मले माहं नाव दाखवा.

तुले माहीत नसल, गोजराबाई शाळेत गेली नाई. बचत गटात सही लागते म्हणून तिले तिचं नाव शिकवलं होतं. तेवढं एकच लिहिता येते तिले, अन् तेवढं एकच वाचता येते. दुकानाच्या पाटीवर 'ग' दिसला तरी थांबते म्हणे. तिले मी नेम कसा सांगू? वहिनीले म्हटलं, उघड बाई.

वहिनी पान उलटे, खसकन आवाज ये, अन् गोजराबाई म्हणे, 'हे नाई.' पुन्हा पान, पुन्हा 'हे नाई.' मी भिंतीशी बसून ऐकत होते. तिचं पोरीच्या पाठवणीचं गाणं आलं, वहिनीनं वाचून सांगितलं, हे तुमचंच ना? ती म्हणे, गाणं माहं आहे, खाली मी नाई. असं करत पुस्तक संपलं. जमनाबाई नाई, तिच्या माहेरची कोणी नाई. एकाही बाईचं नाव नाई.

मंग वहिनीनं पहिलं पान वाचलं. तिचा आवाज बारीक झाला. 'संकलन व शब्दांकन: सौ. रंजीता', अन् पुढं तुह्या सायबाचं आडनाव. माहं नाव सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, 'टंकलेखन साहाय्य' म्हणून.

गोजराबाई माह्यावर रागावली नाई. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. माह्या हातात तिळगूळ ठेवला अन् म्हणे, 'पोरी, तुले तं दिसत नाई. मले दिसत होतं, मीच लवकर यायले पाह्यजे होतं.'

टीना, तू लिहिलं होतं, नावं तू दिलीस तशी आहेत. ती मेल मी मारोतरावाकडून पुन्हा वाचून घेतली, माहंच काही चुकलं का म्हणून. मले वाटून राह्यलं होतं की तुमचा प्रोग्रॅम मुका आहे. मुका नव्हता तो, त्याले मुकं ठेवलं. शिरा ठासलेला डबा आहे तो. अन् मी येडी चार महिने कानाशी लावून बसली, अन् घरच्याइले सांगत बसली की झाकण उघडू नका.

केसानं गळा कापला तुनं. दुसऱ्या कोणी कापला असता तं मी भांडले असते. तुह्याशी कसं भांडू, भांडाले शिकवलं तूच.

एकच विचारते, अन् खरं सांगजो. मुद्दाम केलं का?

वैभवी

*

पुणे,
२६ जानेवारी २०२०

वैभू,

आठवडाभर लिहायला बसते आहे आणि पुसते आहे.

आधी मुद्दाम नव्हतं. पुस्तकाची कल्पना खरंच छान वाटली होती आणि तुझा मारोतराव माझ्या डोक्यातून गेला होता, शपथेवर सांगते. मग पहिलं पान करताना मॅडमचं नाव टाकायचं ठरलं. सर म्हणाले, खेड्यातल्या बायकांच्या नावांनी पानं भरतात, डिझाइन बिघडतं. मी तुझं सांगितलं, तू शब्द दिलाय तेही सांगितलं. तेव्हा सरांनी मला विचारलं, त्या मुलीला हे वाचता येणार आहे का?

मी नाही म्हणाले.

एवढंच माझ्या तोंडून गेलं. मी खोटं बोलले नाही, ते खरंच होतं. नंतर तू नावांचं विचारलंस तेव्हा मला वाटलं, तुला कळायच्या आत मी सगळं बदलून घेईन, मग कशाला दुखवायचं. बढतीचंही तेव्हाच चाललं होतं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मी वर्षानुवर्षं तुझ्यासाठी वाचलं, ते तरी धर ना हिशेबात.

गोजराबाईंची मी स्वतः येऊन माफी मागेन. मला उत्तर दे.

टीना

*

पुणे,
२० जानेवारी २०२१

प्रिय वैभवी,

वर्ष झालं, तू एकाही मेलचं उत्तर दिलं नाहीस. लॉकडाऊनमध्ये फोन केले, तेही उचलले नाहीस. मेडशीला सगळे बरे आहेत एवढं पप्पांकडून कळलं. माझंच चुकलं, त्यामुळे तक्रार करत नाही.

आज कामासाठी लिहिते आहे, आणि ते लिहायला लाज वाटते. आपली साइट बंद पडली. ज्या प्लग-इनवर ती चालत होती ते आता सगळीकडूनच काढून टाकलंय, कुठलाच ब्राउझर ते चालवत नाही. लिंक उघडली की पुस्तकाच्या जागी नुसता राखाडी चौकोन दिसतो. पान उलटत नाही, आवाजही येत नाही. मॅडमनी पाहुण्यांसमोर उघडून दाखवली आणि काहीच आलं नाही, त्यावरून ऑफिसात मोठा गोंधळ झाला. ज्या मुलाने ते पुस्तक केलं तो सोडून गेला आणि मूळ मजकूर कोणाकडेच सापडत नाही. तुझ्या फाईलींच्या मेल मी जागा करायला पुसल्या होत्या, आणि उतरवून घेतलेल्या फाईली माझ्या जुन्या लॅपटॉपबरोबर गेल्या.

तुझ्याकडे त्या असतील. पाठवशील का? या वेळी सगळं नव्याने करणार आहोत, अगदी साधं, तुझ्या मारोतरावाला वाचता येईल असं. पहिल्या ओळीत तुझं नाव आणि प्रत्येक गाण्याखाली त्या त्या बाईचं, हे मी सरांकडून कबूल करून घेतलंय. झालं ते भरून काढायची मला एक संधी दे.

आणि माझ्यावरचा राग गेला का, तेही सांग. खरं म्हणजे फाईलपेक्षा मला तेच जास्त हवंय.

तुझी,
टीना

*

मेडशी,
२ फेब्रुवारी २०२१

टीना,

हे पत्र मेलनं नाई, टपालानं धाडून राह्यली. टाईप मी केलं, छापून दादानं देल्लं. काहून टपालानं, ते शेवटी सांगते.

राखाडी चौकोनाचं वाचून हसू आलं. आता तुह्या मॅडमले तेवढंच दिसते जेवढं मले दिसत होतं. मी चार महिने त्या चौकोनासमोर बसले, त्याइले एका दिवसात कंटाळा आला.

फाईल देत नाई. द्यायची गरजही नाई. तुही ती गेल्या वर्षीची मेल आली, 'मी नाही म्हणाले' वाली, त्यानंतर मी काही दिवस कॉम्प्युटर उघडलाच नाई. मंग लॉकडाऊन लागलं, घरात बसून डोकं फिराले लागलं, तं म्हटलं आपणच करू. शिकले. नक्षी नाई, पान उलटत नाई, नुसती अक्षरं एकाखाली एक. मारोतराव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचते. मोबाईलवरही उघडते. दिवाळीपासून ते पान सगळ्याइसाठी खुलं आहे. तुहे सायेबही वाचू शकतात. उचलून नेतीन ही भीती होती ना त्याइले? नेऊ दे. खाली नावं आहेत.

गोजराबाईले वहिनीनं मोबाईलवर दाखवलं. तिनं आपल्या नावावर बोट ठेवलं, घासून पाह्यलं, अन् म्हणे, जात तं नाई ना पुसून? वहिनी म्हणे, नाई जात. तरी दोन-तीनदा घासलं तिनं. तुह्या माफीचं मी तिले सांगितलं नाई. ते तुले यायचं असल तेव्हा तूच येऊन सांगजो, घर तुले माहीत आहे.

तू लिहिलं, मी खोटं बोलले नाई. मले वाचता येणार नाई हे खरंच होतं म्हणे. टीना, माह्या आंधळेपणाचं मले कधी वाईट वाटलं नव्हतं, तुह्यासमोर तं कधीच नाई. त्या दिवशी वाटलं. तुह्यासाठी तो झाकणाच्या कामी आला, म्हणून वाटलं. इतकी वर्षं मले वाचून दाखवलं ते हिशेबात धर म्हणतेस. धरलं ना, म्हणून तं तुह्या एका मेलवर साऱ्या आळीत सांगत गेले मी, की नाव लागलं.

आता राग गेला का, ते. तुले माफ केलं का नाई, ते मी सोबतच्या जाड कागदावर लिहिलं आहे, ब्रेलमध्ये. स्वतःच्या हातानं टोचलं. कॉलेजात तू ब्रेल शिकणार होतीस, तीन अक्षरं झाली अन् तुले कंटाळा आला. तेव्हा बोटं फिरवून पाहजो, ठिपके लागतीन हाताले, शब्द एकही लागणार नाई.

पुण्यात कोणीतरी भेटीन वाचून सांगणारं. त्याच्यासमोर बस, अन् तो जे सांगीन ते खरं मान.

वैभवी